बांधापलीकडचा उजेड

आज बाजारात पालकाची जुडी उचलली, मधे जाड दांडा लागला, आणि लोणखेड्याच्या मळ्यातला तो हिवाळा आठवला. शेजाऱ्याने आमच्या बांधाला लागून जाळीचं घर उभारलं होतं. हॉटेलात जाणारा पाला लवकर वाढावा म्हणून तो दिवस मावळल्यावरही जेवणवेळेपर्यंत आत गुलाबी दिवे लावून ठेवायचा. बांधाच्या अलीकडे माझ्या बायकोचा पालक होता, तो ऐन थंडीत दांडे काढून फुलावर आला. असला पालक कोण घेतं? बाजारातून ती भरली पाटी परत आणायची. मला वाटलं, शेजाऱ्याने काहीतरी फवारलं. पानं चुरगाळून हुंगली, तर नुसता ओल्या मातीचा वास. मग माझा संशय दिव्यांवर गेला. नवा वाफा लावल्यावर मी तिची जुनी साडी काठ्यांना बांधली आणि अर्ध्या वाफ्याला आडोसा केला. "मन्ही साडी पालकले नेसाडी का?" ती भडकली. पण आडोशामागचा पालक पानांवरच राहिला, उघडा तेवढा फुलला. शेजाऱ्याला नेऊन दाखवलं तर तो हसला, "काका, उजेडले कोनी कुंपन घालस का?" तेव्हा तिने घरातून दुसरी साडी आणली आणि त्याच्या तोंडासमोर उरलेल्या बांधावर ताणली. ती वारली तेव्हापासून तो सांगतो, "काका, आते मी दिवा लवकर बंद करस." माझा नाही विश्वास. आमच्या वाफ्यात आता काहीच लावलेलं नाही, तरी रोज दिवस मावळला की मी बांधावर जाऊन उभा राहतो. दिवे बंदच असतात. मी घराकडे वळलो की हा लावत असेल.