पाहुणे यायच्या दिवशी

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजात असतानाच त्याला नसलेले आवाज ऐकू यायला लागले. पुढे मला बघायला पाहुणे यायचे ठरले, की आई आधी त्याची पिशवी भरायची. "याले काटोलले मामाकडे धाडून देऊ, पाहुणे गेले की घेऊन येऊ," म्हणायची. तो मुकाट्याने बसमध्ये चढायचा आणि मी नवी साडी नेसून, पोहे घेऊन बैठकीत जायची.

यंदा डॉक्टरबाईंनी त्याची जनुकीय तपासणी करवली. त्याच्या एका गुणसूत्राचा बारीकसा तुकडाच नाही, असं निघालं. हे क्वचितच कुणात आढळतं, पण आढळलं की या आजाराचा धोका बराच वाढतो, म्हणाल्या. मग आमचंही रक्त घेतलं. बाबा आता नाहीत. आईमध्ये तो तुकडा शाबूत होता.

माझ्यात नव्हता.

मी चिडूनच बोलले, "अहो, नमुने बदलले असतील! मी ठणठणीत आहे, बँकेत नोकरी करते!"

"तुकडा नसूनही कित्येकांना आजार होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला झाला नाही, एवढंच."

एवढंच! माझं लग्न, नोकरी, दोन मुलं, सगळं त्या एवढ्यावर उभं?

हुडकेश्वरला घरी येताना ऑटोत भावाने आईकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "मंग ताईले काहून नाही धाडलं वं आई, काटोलले?"