धाकटीची मेंढी

मेंढी माजावर आली की आईला सकाळीच तिच्या शेपटीवरून कळायचं. "आज ही ऐकत न्हाई कुनाचं," आई म्हणाली आणि मी ते ऐकून कामावर गेलो. तेवढं कानावर पडलं नसतं तर, असं अजून वाटतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. तिसगावच्या अलीकडे मेंढ्यांच्या पैदाशीचं केंद्र निघालं होतं, तिथं मी नोकरीला होतो. परदेशी मेंढीच्या पोटातला गर्भ काढून गावठी मेंढीच्या पोटात ठेवायचा प्रयोग चालला होता. दोघी एकाच दिवशी माजावर आलेल्या असल्या तरच तो धरायचा. ते ओळखायला एका मेंढ्याच्या छातीला गेरू फासून, पोटाखाली कापड बांधून त्याला कळपात सोडत. जिच्या पाठीवर गेरू उमटला ती माजावर. आईला हे सांगितलं तेव्हा ती हसत सुटली होती. "लंगोट बांधून बायकांत सोडला? सरकारनं त्याचा बुवाच केला की रं!"

त्या दिवशी परदेशी मेंढी माजावर आली, पण आमच्या एकाही गावठी मेंढीच्या पाठीवर गेरू नव्हता. डॉक्टरांचा चेहरा पडला. मी बोलून गेलो, "साहेब, आमच्या घरी एक हाय."

ती मेंढी माझ्या धाकट्या बहिणीची. धनगरांच्या कळपामागं राहिलेलं कोकरू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. पुढं बहीण तापानं गेली. "हुर्रऽ, ये गं माझे," अशी तिच्यासारखी हाक आई मारायची, तेव्हाच मेंढी वळायची. मी मागितली तर आई नाही म्हणणार नाही, हे मला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "माघारी आन म्हंजी झालं."

आठवड्यानं, परदेशी मेंढीच्या पोटात गर्भ धरल्यावर, टेबलावर हिचे पाय बांधले. मान उचलून ती माझ्याकडं बघत होती. साहेब लोकांसमोर ती हाक मारायची मला लाज वाटली. भूल दिली, त्यातून ती उठलीच नाही.

संध्याकाळी नुसता दोर घेऊन घरी आलो. आई दारातच उभी होती. दोराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "भ्याली असंल रं. तू हाक मारली हुतीस न्हवं तिला?"

"व्हय," मी म्हणालो.

"मंग बरं," असं म्हणून तिनं माझ्या हातातला दोर घेतला आणि खुंटीला अडकवला.

आई जाईपर्यंत तो तिथंच होता. माझं ते 'व्हय'ही.