विणकाम मास्तरांची चौकशी

निवृत्त झाल्यावर बरीचशी प्रकरणं विसरायला झाली. गुन्ह्यांचे क्रमांक गेले, आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळले. एका कारागृहातल्या विणकाम मास्तरांचं प्रकरण मात्र अजून मनातून जात नाही. नावं कोणाचीच लिहीत नाही. ज्यांचं ते आहे, त्यांना पुरेसं भोगून झालंय.

तेव्हा माझं ठाणं मोहाडी तालुक्यात होतं. आठवडी बाजाराचा दिवस होता. बंदोबस्ताला अर्धा स्टाफ गेलेला, आणि मी ठाणे अंमलदाराशेजारी बसून तक्रारी ऐकत होतो. आंधळगावच्या बाजूची एक बाई आली. घरी हातमाग, नवरा-बायको दोघं विणणारे. शेजारी झालेल्या खुनाच्या खटल्यात ती एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होती. आरोपीला मीच अटक केली होती आणि तो न्यायालयीन कोठडीत होता. तिची साक्ष तोंडावर आली होती.

"साहेब, मले फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणे, कोर्टात तोंड उघडलं तं घरचे लोक मोजून ठेव. माहा नवरा म्हणते, जाऊच नको."

"आवाज ओळखीचा होता?"

"आवाज दाबून बोलत होता. पण साहेब, त्याच्या मागं माग चालू होता. हातमाग. मी जन्मभर तेच ऐकून रायली."

मी गुन्हा दाखल करून घेतला. मोबाईल कंपनीकडून माहिती आली. सिमकार्ड भलत्याच माणसाच्या नावावर, पण फोन ज्या टॉवरवरून झाला, त्याच्याच टप्प्यात आरोपीला ठेवलेलं कारागृह होतं. एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. टॉवरखाली बाजारपेठही असते, बसस्टँडही असतं. पण त्या भागात हातमाग असलेली जागा एकच होती, कारागृहाचा विणकाम विभाग. आणि आरोपीनं स्वतःहून मागून तिथं काम घेतलं होतं.

कारागृह अधीक्षकांना भेटलो. झडती झाली. मागाच्या खड्ड्यात, पायानं दाबायच्या पावड्यांखाली, चिंध्यांत गुंडाळलेला छोटा फोन सापडला. आरोपी म्हणाला, माझा नाही. हे अपेक्षितच होतं.

आता प्रश्न होता, फोन आत आला कसा. बंदी कोर्टाच्या तारखेशिवाय बाहेर जात नाहीत. भेटीला येणाऱ्यांची कसून तपासणी होते. रोज आत-बाहेर करणारे राहतात ते नोकरीतले लोक. त्यात सुताचे गठ्ठे घेऊन आत जाणारा माणूस एकच, विणकाम शिकवणारे निदेशक. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. ते मोहाडीतच राहायचे. निवृत्तीला थोडा काळ उरलेला, वागणूक स्वच्छ, कुठलं व्यसन नाही.

त्यांना सकाळी ठाण्यात बोलावलं. चहा दिला. तो त्यांनी घेतला नाही.

"मले कायले बोलावलं साहेब?"

मी फोन टेबलावर ठेवला. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "लिहा. मीच आणला. सुताच्या गठ्ठ्यात टाकून आणला."

"कोणी दिला?"

"ते नाई सांगत."

"का आणला?"

"मी आणला म्हणून लिहा ना साहेब. अजून काय पायजे?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिलंय. फायद्यासाठी गुन्हा करणारा माणूस आधी नाकारतो, मग दुसऱ्यावर ढकलतो, शेवटी सौदा करू पाहतो. हा माणूस पहिल्या मिनिटाला कबूल होऊन पुढं भिंतीसारखा बसला होता. माझे सहकारी त्यांच्यावर आवाज चढवायला लागले. मी सहकाऱ्यांना बाहेर पाठवलं.  दुपारपर्यंत मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे सारखं बघत होते.

जेवणाच्या सुमारास त्यांची बायको डबा घेऊन आली. फार घाबरलेली. डबा देऊन ती रेंगाळली.

"साहेब, यांना चार वाजता सोडान का जरा? पोरीले आणाले जातेत."

"केवढी पोरगी आहे?"

"नर्सिंगले आहे. एसटीनं येते."

"मग एकटी येत नाही का ती?"

"पहिले येतच होती. आता काहून तं हेच स्टँडवर जाऊन उभे रायतेत. सकाळी पोचवूनही देतेत. विचारलं तं चिडतेत."

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे हलत होते.

दोन शिपाई साध्या कपड्यांत बसस्टँडवर पाठवले. सोबत एक महिला शिपाई दिली. पोरगी उतरली, तिच्या मागं पानठेल्यावरून दोघं निघाले. एक आरोपीचा चुलतभाऊ होता. त्यांना ताब्यात घेऊन पोरीला सरळ ठाण्यात आणलं. तिला समोर पाहिल्यावर मास्तर बोलले.

"माहा शिकवलेलाच तो आरोपी. मागावर सुताचा धोटा फेकता फेकता एक दिवस म्हणे, मास्तर, पोरीनं आज हिरवी ओढणी घेतली होती ना? मी जागीच थंड झालो. त्याचा भाऊ भेटीले येऊन गेला का, पोरगी कोणत्या गाडीत बसली ते सांगे. मंग म्हणे, एक वस्तू आणून द्या."

पोरगी बापाकडे बघत राहिली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

साक्षीदार बाईला संरक्षण दिलं. नवऱ्याचा विरोध शेवटपर्यंत होता, तरी ती न्यायालयात उभी राहिली. आरोपीला जन्मठेप झाली, चुलतभावालाही शिक्षा झाली. मास्तरांवरचा गुन्हा मात्र मला टाळता येण्यासारखा नव्हता. प्रतिबंधित वस्तू आत नेली होती, आणि तसं त्यांनी कबूलही केलं होतं. धमकीचे सगळे पुरावे मी दोषारोपपत्रात जोडले. न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं, पण तोवर निलंबनातच त्यांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं.

पुढं एकदा आंधळगावात एका लग्नात ते भेटले. परत मागावर बसायला लागले होते. पोरगी नागपूरला नोकरीला लागली, म्हणाले. जेवण झाल्यावर मी विचारलं, "मास्तर, तेव्हाच कोणाला का सांगितलं नाही?"

त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

"कोणाले सांगतो साहेब? आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. खिसे पाहेत, डबा पाहेत. तोंडाकडं कोणी पाहिलं नाई."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे ते जास्त लागलं.

कारागृहाच्या भिंतीआड बंदी असतात, एवढंच आपल्याला माहीत असतं. स्वयंपाक बघणारा, औषधं देणारा, काम शिकवणारा माणूसही दिवसभर त्याच लोकांत असतो. संध्याकाळी तो घरी जातो, आणि त्याचं घर कुठं आहे हे आतल्यांना ठाऊक असतं. हत्यार नाही, वर्दीचा धाक नाही. अशा माणसाला गुन्हेगार करायला त्याच्या लेकराचं नाव घेणं पुरतं.

नोकरीची जी वर्षं पुढं राहिली, त्यात कारागृहात जाणं झालं की मी अशा लोकांजवळ थांबायचो. विचारायचो, घरी सगळं ठीक ना? बहुतेक जण म्हणायचे, ठीक आहे साहेब. मी चेहऱ्याकडे नीट पाहायचो. काही चेहऱ्यांवरून कळायचं, काहींवरून नाही. मग गाडीत बसून मी पुढच्या कामाला निघायचो.