आजाऱ्याची पाळी

मामा माणसाशी बोलण्याआधी त्याच्या बैलाशी बोलत. समोरून गाडी आली की आधी बैलांजवळ जात, जू थोडे वर उचलून खांद्यावर बोटे फिरवत, आणि मगच गाडीवानाकडे बघत. बैलाचा खांदा सुजलेला असला तर रामराम राहिला बाजूला. "तुजी बायको तुला आसा जुपते का रं?" एवढेच विचारत. तो माणूस मुकाट्याने खाली उतरून बैलांबरोबर चालू लागे.

असे एखादे माणूस तुमच्याही गावात असेल. मी ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते माझे सख्खे मामा नव्हते. ते धसईकडचे, माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा. मुरबाडला आमच्या शेजारच्या घरात राहत. माझे वडील आणि ते, दोघेही गाडीवान. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे गिरणीतला तांदूळ कल्याणच्या गोदामात पोचवायचा तो बैलगाड्यांनीच. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हते आणि चांगल्या लॉऱ्या सरकारने नेल्या होत्या, म्हणून त्या वर्षांत गाड्यांना काम भरपूर होते.

चाळीसेक गाडीवानांचे एक मंडळ होते. त्याला कचेरी नव्हती आणि शिक्काही नव्हता. गिरणीमागच्या चिंचेखाली सगळे जमत. ठराव करायची रीत अशी, की ज्याला गोष्ट पटली त्याने बैल हाकायची पराणी जमिनीवर ठेवायची. एकाच्या जरी हातात पराणी राहिली तरी ठराव झाला नाही असे समजायचे आणि पुन्हा बोलायला बसायचे. कधी कधी एका गोष्टीला तीन तीन रविवार लागत. माझ्यासारख्याला, जो मुंबईच्या कॉलेजात दोन वर्षे काढून सुट्टीला घरी आला होता, हे फार गावंढळ वाटे. आता तसे वाटत नाही.

दुसरी रीत आजाऱ्याच्या पाळीची. माल पाळीपाळीने मिळे. कुणी माणूस किंवा बैल आजारी पडला, तर त्याची पाळी आली त्या दिवशी दुसरा कुणीतरी त्याचा माल वाहून नेई आणि भाडे त्याच्या घरी आणून देई. आभार मानायची पद्धत नव्हती. एकदा धोंडूने, आमच्यातला सर्वांत थट्टेखोर गाडीवान तो, मामांचे आभार मानले तेव्हा मामा म्हणाले, "उद्या माजा बैल पडंल तवा तू काय हार घेऊन येनार हायस?"

अडचण कल्याणला होती. गोदामाचे लोक आमच्या गाड्या दीड दीड दिवस रस्त्यावर उभ्या ठेवत. जुंपलेले बैल उन्हात, पाण्याची सोय नाही. दोन बैल तिथेच गेले. बोलायला कुणाची हिंमत नव्हती, कारण चाळीस गाडीवानांना तिथे कोण विचारतो?

तेव्हा कल्याणच्या मोठ्या युनियनचे सेक्रेटरी मुरबाडला आले. गोदामातले हमाल आणि लॉरीवाले त्यांच्या युनियनमध्ये होते. शहापूरचे गाडीवानही त्यांना मिळाले होते. ते म्हणाले, "तुम्ही आमच्यात या. गाडी नंबराने खाली झाली नाही तर हमाल पोत्याला हात लावणार नाही." माणूस सरळ होता. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि ते कल्याणहून सायकलवर आले होते. जाताना नियमांचे इंग्रजी पुस्तक माझ्या हातात देऊन गेले, कारण तिथे इंग्रजी वाचणारा मीच होतो.

पुढच्या रविवारी चिंचेखाली मी ते वाचून दाखवले. एक एक नियम मराठीत सांगत होतो. वडील सर्वांत पुढे बसले होते. वळून वळून लोकांकडे बघत होते, पोरगा कसा वाचतो म्हणून.

वडील म्हणाले, "आपला मंडळ चांगला हाय, पन त्याचा आवाज वाटंतल्या रायत्या गावाच्या पुढं, कल्यानपातुर जात नाय."

मामा म्हणाले, "मोठ्या घरात गेलो तर आपली चूल कुठं मांडायची, ते पन बघाया पायजे ना, दादा?"

"बैल मरतात तिथं, नि तू चुलीचा काय बोलतोस?"

"माजा पन एक बैल तिथंच गेला," मामा शांतपणे म्हणाले.

मी वाचत होतो. एक नियम असा होता, की आपल्या नंबरावर दुसऱ्याला बदली पाठवता येणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. व्यापारी बदली गाडीवान आणून लोकांना कसे हटवतात हे सगळ्यांनी पाहिले होते. एकामागून एक पराण्या खाली पडू लागल्या. शेवटी फक्त मामा पराणी धरून राहिले.

"भाच्या," ते म्हणाले, "त्यात आजाऱ्याची पाळी कुठं लिवलीय?"

धोंडू हसला. "मामा, घास तोंडात घालायचा, नाकात नाय, हे पन लिवून आनू का?"

सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते माझ्याकडेच बघत होते. "बदली नाय म्हनतो ना कागद. मंग माजा बैल पडला नि तुजा बाप माजा माल घेऊन गेला, तर ती बदली का नाय?"

खरे सांगायचे तर तो प्रश्न वाचताना माझ्याही मनात आला होता. पुस्तकात उत्तर नव्हते. "मला ठाऊक नाही, सेक्रेटरींना विचारतो," एवढेच म्हणायचे होते. पण चाळीस माणसे बघत होती, वडील बघत होते, आणि ठाऊक नाही हे शब्द मला उच्चारवेनात.

मी म्हणालो, "ते व्यापाऱ्यांच्या बदलीबद्दल आहे, मामा. आपल्या पाळीला काही होणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

मामांनी पराणी खाली ठेवली. अगदी हळू ठेवली, तिचा आवाजसुद्धा झाला नाही.

मोठ्या युनियनने शब्द पाळला, हेही लिहायला हवे. गोदामात नंबर लागले, बैलांना पाण्याचा हौद मिळाला. वडिलांनी कुणाकडून तरी मला मुंबईला तसे पत्र लिहवून पाठवले आणि त्यात दोनदा 'तुझ्या वाचण्यामुळे' असे घातले. ते पत्र मी वसतिगृहात मित्रांना वाचून दाखवले.

दिवाळीनंतर मामांच्या एका बैलाला खुरकूत झाली. खूर सडले, बैल उभा राहीना. मामांची पाळी आली तेव्हा वडिलांनी नेहमीप्रमाणे त्यांचा माल आपल्या गाडीत भरला. कल्याणला हमालांनी विचारले, "हा नंबर कुनाचा? गाडी कुनाची?" वडिलांनी खरे ते सांगितले. हमालांनी पोत्याला हात लावला नाही. त्यांची चूक नव्हती. त्याच नियमासाठी त्यांनी मार खाल्ला होता. वडील भरलेली गाडी परत घेऊन आले.

मग मामांच्या पाळ्या जाऊ लागल्या. वडील, धोंडू, इतर दोघेतिघे आपल्या भाड्यातले काही घेऊन त्यांच्या घरी गेले. मामांनी घेतले नाही. "पाळी व्हती तवा घेत व्हतो," ते म्हणाले. "आता मी घेतला तर त्याचा नाव दुसरा व्हतो."

नाताळच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा त्यांच्या गोठ्यात एकच बैल उभा होता. मामा त्याच्यापुढे पेंढा टाकत होते. मी म्हणालो, "मामा, माझं चुकलं. पुस्तकात तसं नव्हतं."

"पुस्तकात नव्हता ते तू वाचलास तवाच मला ठावं झाला," मामा म्हणाले. "म्हनून तर तुला इचारला."

मला त्यांनी शिवी दिली असती तर बरे झाले असते. त्यांनी मला बसायला पोते टाकले, आणि मुंबईत जेवायला काय मिळते ते विचारले. महिनाभराने त्यांनी उरलेला बैल आणि गाडी धसईच्या बाजारात विकली आणि ते शहापूरला मुलीकडे राहायला गेले.

मी सेक्रेटरींना पत्र लिहिले. मग दुसरे लिहिले, मग स्वतः गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "हे तेव्हाच विचारायला हवं होतं. मीच घालून घेतलं असतं," ते म्हणाले. त्यांनी हे मला बोल लावण्यासाठी म्हटले नव्हते, म्हणून ते जास्त लागले. वार्षिक सभेत त्यांनी दुरुस्ती मांडली, हात वर झाले, पाच मिनिटांत मंजूर झाली. सभासद किंवा त्याचा बैल आजारी असताना त्याचा माल दुसऱ्या सभासदाने नेला तर ती बदली समजली जाणार नाही. माझ्या आयुष्यात मी इतके साधे वाक्य वाचलेले नाही.

छापलेले पुस्तक घेऊन मी शहापूरला गेलो. मामा लाकडांच्या डेपोकडे जळाऊ फाटी वाहत होते. रस्त्याच्या कडेला मोळी बांधत बसले होते. अंगाने निम्मे झाले होते. मी नियम मराठीत वाचून दाखवला.

"परत वाच," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचला.

"ह्या बारीला तू सोता बघितलास? का मनचा सांगतोस?"

"बघितलं, मामा. हे बघा, इथे आहे."

त्यांना वाचता येत नव्हते. तरी त्यांनी पुस्तक हातात घेतले आणि मी दाखवलेल्या ओळीवरून बोट फिरवले. "धोंडूला सांग," ते म्हणाले, "हसला व्हतास ना, आता लिवलाय म्हनावं." आणि पहिल्यांदाच थोडे हसले. मग पुस्तक मला परत दिले. मी म्हणालो, तुमच्यासाठीच आणलंय. ते म्हणाले, "मला कशाला? मला गाडी कुठं हाय? वडलांना दे."

उठून त्यांनी मोळीकडे मान केली. "जरा हात लाव."

मी हात लावला. मोळी मला वाटली होती त्याहून बरीच जड होती. ती डोक्यावर चढताच मामा दोन पावले डळमळले, मग सावरले आणि डेपोच्या वाटेला लागले. एवढ्यात मागून एक रिकामी बैलगाडी घुंगरे वाजवत आली. मामांनी रस्त्याच्या कडेला सरून तिला वाट दिली.