खुर्चीपुरता गुडघा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी चाल मोजायला मला इथल्या, आखातातल्या अल ऐन शहरातल्या एका प्रयोगशाळेत नेलं. ऑलिम्पिकच्या शर्यतीलाही लावत नसतील इतके कॅमेरे भिंतींवर. मी अर्ध्या चड्डीत, कॅमेऱ्यांना पाय कळावा म्हणून पायभर चमकते मणी चिकटवलेला. चाललो, पायऱ्या चढलो, खुर्चीतून उठलो. तिथले इजिप्शियन डॉक्टर पडद्याकडे बघून म्हणाले, "हबीबी, गुडघा नॉर्मल. फिजिओ खलास."

खलास म्हणजे खरंच खलास. रिपोर्टात नॉर्मल आलं की इन्शुरन्सवाले लगेच फिजिओ बंद करतात. आणि मला मांडी घालता येत नव्हती. अल रीम बेटावर दर शनिवारी आमचं भजन असतं, तबल्यावर मी. ऑपरेशननंतर मंडळींनी मला खुर्चीत बसवून तबला टीपॉयवर ठेवला होता. डग्गा सारखा घसरायचा. असं वाजवण्यापेक्षा माणसानं झांजा वाटत फिरावं.

"आणि मांडीचं काय?" मी विचारलं.

"ती टेस्ट यात नाही. मशीनवाल्यांनी एवढंच दिलंय."

माझं डोकंच फिरलं. "डॉक्टरसाहेब, तुम्ही नमाज खुर्चीत बसून पढता?"

ते पडद्याकडून माझ्याकडे वळले.

"अख्खा देश दिवसातून पाचदा गुडघे दुमडतो. मुसफ्फाच्या कारखान्यांतले कामगार जमिनीवर बसून जेवतात, आम्ही पंगतीला बसतो. आणि तुमच्या यंत्राला फक्त खुर्ची कळते. मग हे नॉर्मल कुणाचं?"

एवढं बोलून मी मण्यांसकट तिथेच खाली बसायला लागलो. सोबत आलेली माझी मुलगी इथेच वाढलेली. ती दात आवळून म्हणाली, "बाबा, प्लीज. पीपल आर वॉचिंग."

"बघू देत. त्यासाठीच कॅमेरे लावलेत."

बूड टेकलं, पण गुडघा अर्ध्यातच अडला. मी अशी बोंब ठोकली की शेजारच्या ओमानच्या हद्दीतले उंट उठून उभे राहिले असतील. मणी पायाखाली झाकले गेले आणि पडद्यावरून माझा पायच नाहीसा झाला.

"आता पाय नाही असं लिहा," मी म्हटलं, "आणि खाली नॉर्मल लिहा."

डॉक्टरांनी बूट काढले आणि नमाजाला बसतात तसे माझ्याशेजारी बसले. कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी आधी स्वतःच्या गुडघ्याला लावली, मग माझ्या.

"नॉर्मल नाही," ते म्हणाले. "जमिनीवर बसता येत नाही, असं लिहितो. फिजिओ चालू राहील, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको, आत्ता लिहा. तोवर मी इथून हलत नाही."

तसंही मला उठता येत नव्हतंच.