कानाचं सांगितलंस का?

रेवणसिद्धला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लातूरकडचा भूकंप झाला तेव्हा तो सहा वर्षांचा. आई-बाप दगडी भिंतीखाली गेले, याला दुपारी बाहेर काढलं तेव्हा कानात मातीच माती. आत्यानं, उमाबाईनं, वाढवला. पोर हुशार निघालं, लातूरच्या एका क्लासात रसायनशास्त्र शिकवायला लागलं. देवीची कृपा, दुसरं काय म्हणायचं.

त्यांच्या पुनर्वसनाच्या गावात एक रीत पडली आहे. भूकंपानंतर घाईघाईनं लग्नं लागली, उजाड घरात दिवा लागावा म्हणून. मग कुणाची मोडलेली कंबर, कुणाचे फेफऱ्याचे झटके लग्नानंतर उघडे पडले, संसार मोडले. तेव्हा जाणत्यांनी ठरवलं, कुंकू लावायच्या आधी मुलानं-मुलीनं माहूरगडावर जायचं आणि एकमेकांना आपलं उणं सांगायचं. पटलं तर देवीचा तांबूल दोघांनी वाटून खायचा, नाही पटलं तर न खाता परत द्यायचा. मात्र ऐकलेलं गडाखाली आणायचं नाही.

"कानाचं तेवढं सांग," पायऱ्या चढता चढता उमाबाई म्हणाली. "दुसरं काय हाय तुझ्यात?"

दुसरं होतं. लातूरला क्लासखालीच कलीमचं झेरॉक्सचं दुकान होतं. नोट्स छापून घ्यायला म्हणून जाता जाता रेवणसिद्धचा जीव त्याच्यावर जडला, दोन वर्षं. कलीमचं लग्न झालं, तो निघून गेला. मग त्याच क्लासात जीवशास्त्र शिकवणारी सिंधू. तिच्यावरही त्यानं तितकंच खरं प्रेम केलं, अन् सातव्या महिन्यात न राहवून कलीमचं सांगितलं. "म्हणजे सात महिने मी काय होते, पडदा?" एवढं विचारून ती उठली. आठवड्यात बातमी पसरली, स्टाफरूममध्ये तो आला की बाकीचे आपापले चहाचे कप उचलून बाहेर जाऊ लागले. क्लासचे सर मान खाली घालून म्हणाले, "पालकांच्या कानावर गेलं तर बॅच रिकामी होईल हो." तो नांदेडला आला, नव्यानं उभा राहिला.

आणि आता स्थळ म्हणून आलेली आरती. किनवटकडच्या आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. तीन महिने संध्याकाळची हजेरी झाली की तिचा फोन यायचा आणि तो तासाभर आधीपासून घड्याळ बघायचा. ती आवडली नसती तर कानावरच भागलं असतं.

मोठी माणसं दर्शनाच्या रांगेत थांबली. हे दोघं तटाच्या सावलीत बसले. मध्ये पानात गुंडाळलेला तांबूल.

"आधी माझं," आरती म्हणाली. "मला एकदा नकार आला होता, साखरपुडा झाल्यावर. अन् मी घोरते. साठ पोरी साक्षीला हायेत."

तो हसला, आणि हसू संपायच्या आत त्यानं कानाचं सांगितलं.

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून तर उजवीकडं बसते. पुढं बोला."

"पुढं काय?"

"सर, पोरी खोटं बोलायला लागल्या की पायाचा अंगठा हलवतात. तुम्ही मघापासून हलवून राहिलात."

मग त्यानं सांगितलं. कलीमचं नाव घेऊन, सिंधूचंही. खाली प्रसादाच्या दुकानात बाया बांगड्यांचा भाव करत होत्या.

"म्हणजे तुम्हाला बायका आवडत न्हाईत."

"आवडतात. तुम्ही तर लई आवडता. तोच घोळ हाय. दोन्ही खरंय, अन् लोकांना एकच पटतं."

"आता कुणी हाय?"

"न्हाई."

"उद्या झालं तर?"

"उद्या दुसरी बाई आवडली तर जसा राहीन, तसाच राहीन. तुमचाच."

"बोलायला सोपंय." तिचा आवाज चिरकला. "ही रीत कंबर मोडलेल्यांसाठी हाय हो. मी घोरण्याचं सांगायला आले होते."

त्याला वाटलं, माफी मागावी. पण कशाची मागायची, ते देवीसमोरही सुचेना.

तेवढ्यात उमाबाई मळवट भरून आली. "कानाचं सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मग खावा की रे! सुकून चाललाय."

रेवणसिद्धनं तांबुलाकडं हात नेला नाही. ठरवणं आता त्याच्याकडं नव्हतं, तिच्याकडं होतं. आरतीनं पान उचललं, क्षणभर तळहातावर धरलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं.

"माझी दाढ दुखून राहिली, आत्या. सोमवारी सांगते."

"दाढेचं काय सांगायचं असतं?" उमाबाई हसली.

पायऱ्या उतरताना आरती त्याच्या डाव्या बाजूनं चालत होती. गाठीत ओल उमटली होती. तांबूल दुसऱ्या दिवशी काळा पडतो, हे त्याला ठाऊक होतं. सोमवारला अजून तीन दिवस होते.