गंध लावलेल्या फ्लॉप्या

५ ऑक्टोबर १९८६, सुट्टीचा दिवस. आदल्या दिवशी भिजत घातलेला चुना सकाळी ढवळला, त्यात नीळ आणि थोडा डिंक घातला आणि बाहेरच्या खोलीपासून सुरुवात केली. भिंतीचा वरचा भाग मुलीकडे, खालचा माझ्याकडे. आमच्या कॉलनीत दसऱ्याआधी घरोघर चुना लागतो. दसऱ्याच्या दिवशी विहारात वंदना असते, नंतर लोक एकमेकांकडे जातात, आणि काळ्या भिंतींच्या घरात कुणाला बसवायला बरं वाटत नाही.

मिस्टरांची खाट आम्ही अंगणात काढून ठेवली होती. चुन्याच्या वासानेसुद्धा त्यांना खोकला लागायचा. कास्टिंग घासण्याच्या खात्यात त्यांनी चौदा वर्षं काढली आणि तिथली धूळ त्यांच्या छातीत जाऊन बसली. डॉक्टरांनी आधी टीबी म्हणून औषध दिलं. मग टीबी नाही, धूळ आहे, ती निघत नाही, असं सांगितलं. कंपनीने त्यांना घरी बसवलं. तेव्हापासून ते शेजारपाजारचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करत. पैसे मिळावेत म्हणून नव्हे, हात गप्प बसत नसत म्हणून. त्या दिवशीही खाटेवर कुणाचा तरी ट्रान्झिस्टर उघडून बसले होते.

"कुठवर आलं?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"दुसरी भिंत."

"भिंतीचं नाही, कॉम्प्युटरचं विचारतोय."

त्या दिवसांत घरात दुसरा विषयच नव्हता. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला टायपिस्ट होते. नोकरी हंगामी. काही महिने झाले की मला ब्रेक मिळायचा, पंधरा दिवस-महिना घरी बसायचं, मग नव्याने घ्यायचे. सलग काम झालं तर कायम करावं लागतं, म्हणून ही युक्ती. ती सगळ्या एमआयडीसीत चालायची, त्यात कुणाला काही वाटत नसे. मला वाटायचं ते एवढ्यासाठीच की कायम कामगारांच्या घरच्यांचं औषधपाणी आमची कंपनी करायची आणि हंगामींचं करत नसे. मिस्टरांचं औषध आम्ही विकत आणत होतो. ते कधी पूर्ण आणलं, कधी अर्धं.

पावसाळ्यात स्टोअरसाठी कॉम्प्युटर आला. स्टोअरचे साहेब मला म्हणाले, "बाई, तुमचा टायपिंगचा हात चांगला आहे. दसऱ्यानंतर मालक मुंबईहून येणार आहेत. तोपर्यंत सगळा माल मशीनमध्ये भरा. मालकांसमोर रिपोर्ट निघाला की मी तुमचं कायमचं करून घेतो."

मी लगेच हो म्हटलं.

स्टोअरच्या कोपऱ्यात काच लावून कॉम्प्युटरसाठी खोली केली. पडदा, एसी, चपला बाहेर. या मशीनला धूळ चालत नाही, असं पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने पहिल्या दिवशीच सांगितलं. घरी मी ते सांगितलं तेव्हा मिस्टर हसले आणि हसता हसता खोकत राहिले. "म्हणजे माझ्यासारखंच. फक्त त्याला वेळेवर एसी मिळाला," म्हणाले. त्यांच्या खात्यात पंखासुद्धा नव्हता.

शिकायला वेळ लागला नाही. टाइपरायटरवर एक अक्षर चुकलं तर खोडून काढायला लागायचं, इथे ते नुसतं मागे येऊन पुसता येई. हे मला आवडलं. रविवारच्या पेपरातलं शब्दकोडं मी वर्षानुवर्षं सोडवत आले आहे, त्यात खाडाखोड झाली की माझं डोकं फिरतं. खरा त्रास मशीनचा नव्हता, मालाचा होता. एकाच बेअरिंगला तीन कपाटांत तीन नावं होती. कुणी कंपनीच्या नावाने लिहिलेलं, कुणी मापाने, कुणी ते ज्या मशीनला लागतं त्याच्या नावाने. मी रोज कपाटापुढे उभी राहून माल बघायची, मग आत जाऊन भरायची. स्टोअरचे हेल्पर गंमत बघत.

"ताई, ह्यो डबा सगळं सांगनार म्हन्त्यात," सिन्नरकडचा एक जण म्हणाला. "मंग आमी काय सांगायचं?"

"तुम्ही माल द्यायचा."

"आज द्यायचा. उद्या त्यालाबी हात फुटले तर?" सगळे हसले. त्या हसण्यात भीती होती, ती मला कळत होती.

भरलेली माहिती फ्लॉपीत राही. फ्लॉपी म्हणजे काळी, चौकोनी, वहीच्या पुठ्ठ्याएवढी पातळ वस्तू, कागदी पाकिटात ठेवायची. तिला एका बाजूला लांबट खिडकी असते, त्यातून आतली तबकडी दिसते. इंजिनिअरने सांगितलं होतं की त्या तबकडीला बोट लावायचं नाही, ओलं तर काहीच लागू द्यायचं नाही, आणि प्रत्येक फ्लॉपीची एक नक्कल करून ती दुसऱ्या खोलीत ठेवायची. मी नकला केल्या. साहेब म्हणाले, "दुसऱ्या खोलीत कशाला? चोरी झाली तर मी कुणाला धरू?" त्यांनी मूळ आणि नकला एकाच पेटीत घालून किल्ली खिशात ठेवली. मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी शेवटचं कपाट भरून झालं. दुपारी कारखान्यात पूजा. सकाळपासून लेथ, ड्रिलिंग मशीन, प्रेस सगळं पुसून चकचकीत केलेलं, त्यावर झेंडूच्या माळा, नारळ, उदबत्त्या. मी पूजा करत नाही. दर वर्षी त्या वेळी एका बाजूला उभी राहते, प्रसादाचा पेढा घेते आणि कामाला लागते. त्यावरून तोपर्यंत कुणी मला काही बोललं नव्हतं.

खात्यांतली पूजा आटोपून साहेब गंधाची वाटी, अक्षता आणि फुलं घेऊन काचेच्या खोलीत आले. मागे हेल्पर.

"साहेब, यालाबी नारळ फोडा," तो सिन्नरकडचाच म्हणाला, "नायतर रुसंल."

"नारळ बाहेर फोडू. आत पाणी नको," साहेब म्हणाले. इतकं त्यांना कळत होतं. त्यांनी मशीनच्या पडद्याच्या काचेला गंध लावलं, प्रिंटरला लावलं, की-बोर्डवर फूल ठेवलं. मग पेटी उघडली आणि फ्लॉप्या पाकिटांतून काढून टेबलावर पसरायला लागले.

मी पुढे झाले. "साहेब, त्या पाकिटातच राहू द्या. वरूनच फूल ठेवा."

"पाकिटाची पूजा करू का मी?"

"त्या खिडकीला काही लागलं तर बिघडतात. इंजिनिअरने सांगितलं होतं."

साहेब थांबले. रागावले नाहीत. हसूनच म्हणाले, "बाई, तुमच्यात पूजा नसते हे मला माहीत आहे. तुम्ही करू नका. पण आमची थांबवू नका. वर्षातून एकदा तर असते."

हेल्पर खाली बघायला लागले. साहेबांनी प्रत्येक फ्लॉपीला गंधाचं बोट टेकवलं, वर अक्षता टाकल्या. मुळांना, नकलांना, मशीन सुरू करायची जी फ्लॉपी होती तिलाही. एकही राहायला नको, म्हणाले. बोट कुठे टेकतंय हे त्यांनी पाहिलं नाही. चौकोनी वस्तूला मध्यभागी गंध लावायची सवय, आणि खिडकी मध्याजवळूनच सुरू होते. संध्याकाळपर्यंत फ्लॉप्या तशाच उघड्या राहिल्या, मग त्यांनी त्या पाकिटांत घालून पेटी बंद केली.

दसऱ्याला पांढरी साडी नेसून मी आणि मुलगी विहारात गेलो. मिस्टरांना तेवढंही चालवलं नाही, ते दारात खुर्ची टाकून बसले. येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत होते, "उद्या आमच्याकडे निकाल आहे." त्यांना तेवढा विश्वास होता. मला नव्हता, पण दसऱ्याच्या दिवशी ते बोलून दाखवलं नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आत ते गेले. हे तेव्हा अर्थात कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालक यायच्या आधी मी मशीन सुरू केलं. पहिली फ्लॉपी आत गेली आणि कोरडी भाकरी खरवडावी तसा आवाज आला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, वाचता येत नाही अशी. दुसरी घातली, तिसरी घातली. नकला घातल्या. वाळलेलं गंध मशीनच्या आतल्या भागालाही लागलं असणार, कारण त्यानंतर पुण्याच्या इंजिनिअरने ठेवलेली नवी कोरी फ्लॉपीसुद्धा त्याने घेतली नाही. एका फ्लॉपीच्या खिडकीत तांदळाचा दाणा चिकटलेला होता. मी तो नखाने काढला नाही. तसाच ठेवला.

साहेब आले, त्यांना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मालक देवाधर्माचे आहेत. पूजेमुळे बिघडलं, हे त्यांच्या कानावर घालू नका. हाताळताना चूक झाली म्हणा."

"कुणाच्या हाताने?"

"मशीन तुम्हीच चालवता ना? तुम्ही बाईमाणूस, नवीन मशीन, ते समजून घेतील. मला म्हणाले तर माझी बढती गेली. जानेवारीत तुमचं कायमचं मी करतो. शब्द देतो."

तेवढ्यात फोन आला की मालकांची गाडी घाटात बंद पडली, ते उद्या येणार. मला एक संध्याकाळ मिळाली. ती नसती मिळाली तर मी त्या क्षणी काय म्हटलं असतं, सांगता येत नाही.

घरी मिस्टरांना सांगितलं. ते रेडिओ बाजूला ठेवून ऐकत होते.

"मग तू काय ठरवलंस?"

"विचार करते, असं सांगून आले."

"विचार कसला? जन्मात कधी पूजा केली नाहीस, आणि ही एक तुझ्या नावावर?"

"जानेवारीत कायम झाले तर तुमचं औषध..."

"माझ्या औषधाचं मला सांगू नकोस." खोकल्याने त्यांना पुढचं बोलता येईना. मुलीने पाणी दिलं. दम परत आल्यावर म्हणाले, "आज चूक तुझी म्हणालीस की जानेवारीत तेच विचारतील, चुकणाऱ्या बाईला कायम कशाला करायचं? तो तुला आत्ता शब्द देतोय, तेव्हा विसरेल."

मला पटलं ते हे. अभिमान वगैरे परवडण्यासारखं आमचं घर नव्हतं. पण हिशेब बरोबर होता.

मालक दुसऱ्या दिवशी दुपारी आले. काचेच्या खोलीत उभे राहून म्हणाले, "दाखवा."

साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "चालत नाही. खंडेनवमीला फ्लॉप्या पाकिटांतून काढून गंध लावलं, ते आत गेलं. नकलांनाही लावलं. माल पुन्हा भरावा लागेल."

"कुणी लावलं?"

"साहेबांनी. मी थांबा म्हटलं होतं."

मालक माझ्याकडे बघत राहिले. "पूजा करणं चूक आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. पाकिटातून काढणं चूक आहे."

मालक म्हणाले, "पुन्हा भरून घ्या," आणि निघून गेले. साहेब त्यांच्या मागोमाग गेले. जाताना माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळी टाइम ऑफिसच्या माणसाने मला बोलावलं. तो भला माणूस होता, नजर वर न करता म्हणाला, "ताई, उद्यापासून ब्रेक."

"आत्ताच तर जूनमध्ये घेतलं होतं."

"वरून आलंय."

"परत कधी?"

"ते नाही आलं."

पुन्हा माल भरायला हिशेबखात्यातली नवीन मुलगी बसवणार असं तिथेच कळलं. ती चांगली होती, तिच्याविरुद्ध माझं काही नाही. बाहेर हेल्पर उभे होते. सिन्नरवाला जवळ आला. "ताई, खरं बोलल्या तुमी. आमी समद्यांनी बघितलंय."

"मग आत का नाही बोललात?"

त्याची नोकरीही हंगामीच होती.

घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मी तुला चुकीचं सांगितलं का?"

"नाही," मी म्हटलं. "जेवून घ्या."

मुलगी ताटं घेत होती. ती म्हणाली, "आई, मी कॉलेज सोडू का?"

"गप्प बस आणि जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टायपिंगचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, सिन्नरची एसटी पकडली आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीत उतरले. दोन गेटवरून परत पाठवलं. पुढच्या गेटवर वॉचमनने विचारलं, काय काम? मी म्हटलं, कॉम्प्युटर येतो. तो म्हणाला, इथे कॉम्प्युटर नाही, टायपिंग येतं का? येतं, म्हटलं. त्याने बाकाकडे बोट केलं. माझ्या आधी पाच-सहा जणी बसल्या होत्या. मी त्यांच्या शेवटी जाऊन बसले.